दम वाढवणारी बाटली, झोप आणणारी गोळी

शस्त्रक्रियेसाठी कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं की काही रुग्णांचा रक्तदाब झपकन उतरतो. तो सावरायला भूलतज्ज्ञ मेफेन्टरमीन सल्फेट देतात. शेजारी मॉनिटर चालू असतो, ऑक्सिजन तयार असतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी गेल्या काही वर्षांत बेकायदा विक्री करणाऱ्यांकडून पकडलं, ते हेच औषध. जिमला जाणारी पोरं त्याला ‘टर्मिन’ म्हणतात.

पिंपरी-चिंचवडजवळचं चाकण म्हटलं की लोकांना ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या शेलपिंपळगावला सापडलेलं २० किलो एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) आठवतं. त्यामुळे घरच्यांचा डोळा पुड्यांवर असतो. छापील किंमत आणि कंपनीचं नाव असलेल्या बाटलीचा संशय येत नाही.

‘हे औषध आहे, ड्रग थोडंच?’

औषध खरंच आहे, पण ते उतरलेल्या रक्तदाबासाठी. धडधाकट मुलाचा रक्तदाब मुळात उतरलेलाच नसतो. परवान्याशिवाय औषध विकणं हा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. जिममधला ओळखीचा दादा काढून देतो, तेव्हा तो उपकार करत नसतो.

‘स्टॅमिना वाढतो’

हा गैरसमज सगळ्यात घातक, कारण पहिल्या दिवशी तो खरा वाटतो. पोलीस भरतीत मुलांच्या १६०० मीटर धावण्याला २० गुण असतात. त्यासाठी पहाटे मैदानात घाम गाळणाऱ्या मुलाला काही सेकंद कमी करण्याचा मोह का होतो, ते मला समजतं. पण हे इंजेक्शन फुप्फुसं मोठी करत नाही, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढवत नाही, स्नायूही घडवत नाही. मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेलं नॉरॲड्रेनालिन ते एकदम बाहेर काढतं. हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो, मेंदूला थकवा जाणवेनासा होतो. शरीर थकलेलंच असतं. ‘आता थांब’ हा निरोप तेवढा पोचत नाही. धावताना हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, अंग तापलेलं असतं. त्यावर आणखी चाबूक ओढला की ठोके चुकू शकतात, अंगातली उष्णता आवरेनाशी होते. नॉरॲड्रेनालिनचा साठा संपत गेला की तेवढ्याच औषधाचा परिणाम कमी होतो आणि मुलगा मात्रा वाढवतो. या औषधाच्या व्यसनातून संशय, भास आणि भ्रम सुरू झालेल्या तरुणांच्या नोंदी भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. सुई एकमेकांत वापरली तर एचआयव्ही आणि काविळीचे बी, सी विषाणू पसरतात, ते वेगळंच. स्पर्धेच्या वेळी हे औषध ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे.

‘परीक्षेच्या रात्री गोळी घेतली की डोकं चालतं’

एडीएचडी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) असलेल्या मुलाला डॉक्टर अशी गोळी, मिथाइलफेनिडेट, देतात, ते त्याच्या उपयोगाचं असतं आणि त्याने ते इतरांच्या बोलण्यावरून बंद करू नये. निरोगी माणसाचं काय? मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी ४० निरोगी लोकांना अशी औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला दिली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांनी मेहनत जास्त घेतली, पण तिचा दर्जा घसरला. शिवाय वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि गोळीने नेमकी झोपच जाते.

‘झोपेची गोळी तर आजीपण घेते’

उडालेली झोप आणायला मग अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम येतं. गल्लीत त्याला ‘बटन’ म्हणतात. आजीची गोळी तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेली असते. २०१४ पासून ही औषधं ‘एच-वन’ यादीत आहेत: चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला डॉक्टरचं व रुग्णाचं नाव नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. तरीही २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वैद्यकीय कारणाशिवाय गुंगीची औषधं घेणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी १८ लाख निघाली. दारूबरोबर घेतली तर ही गोळी श्वास मंदावते. सवय लागल्यावर ती एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणून घाबरून डबा नाल्यात फेकणं हा उपाय नव्हे. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

‘सांगितलं तर पोलीस केस होईल’

या भीतीपायी मुलं महिनोन्‌महिने गप्प राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, आणि व्यसनातून येणारे मानसिक त्रास त्यात येतात. अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देतं. पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे, पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६.

मात्र इंजेक्शननंतर छातीत दुखू लागलं, मुलगा कोसळला किंवा गोळ्यांनंतर उठवूनही उठेना, तर फोनवर सल्ले विचारत बसू नका. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा आणि रिकामी बाटली किंवा पट्टी खिशात टाकून सोबत न्या.