सोडलेला बास मासा जातो कुठे?

हातात आलेला मासा परत पाण्यात सोडणे म्हणजे तोट्याचा सौदा, असेच मासळीच्या धंद्यातील आपले बंधू म्हणतील. परंतु अमेरिकेत एक मोठा धंदा मासा जिवंत सोडण्यावरच उभा आहे. त्याचा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

बास हा तिकडच्या तलावांतला गोड्या पाण्याचा मासा. तो गळाने पकडण्याच्या स्पर्धा होतात. अलाबामा राज्यातील रे स्कॉट या विमा एजंटाने १९६७ साली आर्कान्सामधील बीव्हर लेक येथे अशी स्पर्धा भरवली. पुढच्याच वर्षी त्याने शौकिनांची संस्था काढली आणि १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा पायंडा पाडला. आज बोटी, इंजिने, गळ आणि आमिषे बनवणारे कारागीर, तसेच तलावाकाठचे दुकानदार आणि लॉजवाले यांची रोजी या खेळाशी बांधलेली आहे. तलावातील मासा हेच या सर्वांचे भांडवल.

स्पर्धक सहसा दिवसाला पाच मासे बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवतो. स्पर्धा संपली की धक्क्यावर वजन होते आणि मासे तिथेच सोडले जातात. पण ते पकडलेले असतात कित्येक किलोमीटर लांब. मग ते घरी परततात का?

माशांना खुणेच्या पट्ट्या आणि रेडिओ यंत्रे लावून याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. टेक्सास टेक विद्यापीठाचे जीन वाइल्ड यांनी २००३ साली अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मोठ्या तोंडाच्या बासपैकी अवघे १४ टक्के मासे मूळ जागी परतले. निम्म्याहून थोडे अधिक सोडल्या जागेपासून सुमारे दीड किलोमीटरच्या आतच सापडले. लहान तोंडाच्या जातीचे मात्र ३२ टक्के मासे परतले. म्हणजे एका जातीला घराची ओढ अधिक, पण दोन्हींतले बहुतेक मासे परतत नाहीत.

परिणाम उघड आहे. स्पर्धांमागून स्पर्धा एकाच धक्क्यावर झाल्या, तर तिथे माशांची गर्दी होते आणि लांबच्या खाड्यांतला माल कमी होत जातो. शिवाय उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. टाकीत दाटी झाली की मासा दमतो आणि सोडल्यावरही दगावू शकतो.

विणीच्या दिवसांत नुकसान वेगळेच. बासचा नर तळाशी घरटे करून अंडी राखतो. त्याला उचलून नेले की ब्लूगिलसारखे लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात. नर कित्येक किलोमीटर लांब सोडला, तर त्या घरट्याची आशाच सोडावी लागते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात, त्यामागेही वीण राखण्याचाच विचार आहे.

यावर उपाय दोन. एक, वजनानंतर मासे टाक्या बसवलेल्या खास बोटीत भरून तलावात ठिकठिकाणी सोडायचे. यात खर्च आहे, पण गर्दी टळते. दुसरा उपाय अधिक सरळ. २०१९ साली सुरू झालेल्या 'बास प्रो टूर' स्पर्धेत माशाचे वजन बोटीवरच पंचासमोर करून तो लगेच सोडण्याची रीत ठेवली गेली. मासा आपली जागा सोडतच नाही, म्हणून परतण्याचा प्रश्नही उरत नाही.

मासा जिवंत सोडला एवढ्याने या धंद्याचा हिशेब पुरा होत नाही. तो कुठे सोडला, कोणत्या दिवसांत सोडला, हेही खातेवहीत मांडावे लागते. निसर्गाच्या भांडवलावर चालणाऱ्या प्रत्येक धंद्याला हे लागू आहे. आपल्या मच्छीमार आणि व्यापारी बंधूंनी याचा जरूर विचार करावा.