भिंतीवरचा लेख आणि ब्लॉकचेन

आपल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो कोणीही वाचावा. पण कोरताना राहिलेली चूक खोडता येत नाही. ब्लॉकचेनवरील ॲपचे तसेच आहे. व्यवहाराचे नियम कोडमध्ये लिहिलेले असतात. तो बहुधा सर्वांना दिसतो, पण एकदा साखळीवर चढवला की सहसा बदलत नाही.

२०१६ साली इथेरियमवरील ‘द डीएओ’ या निधीच्या कोडमध्ये पैसे आधी जात, शिल्लक नंतर कमी होई. त्या मधल्या क्षणात पुन्हापुन्हा मागणी करून सुमारे ३६ लाख ईथर काढले गेले. बँकेत रक्कम आधी खात्याला नावे पडते, मग हाती येते, ती याचसाठी.

म्हणून लक्षात ठेवा :

• कोडची तपासणी स्वतंत्र तज्ज्ञांनी केली आहे का, ते पाहा. तपासणी म्हणजे हमी नव्हे.
• ॲपला अमर्याद रक्कम काढण्याची परवानगी देऊ नका.
• वॉलेटचे गुप्त शब्द कोणालाही सांगू नका.
• बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. येथे ते नाही.

घरखर्चाची आणि औषधपाण्याची पुंजी अशा ठिकाणी ठेवू नका.