हॉटेलचे फोटो : आधी तयारी, मग कॅमेरा

आमचे अनेक बंधू लॉज आणि हॉटेलच्या धंद्यात आहेत. पूर्वी गिऱ्हाईक दारात येई, खोली पाही, मग दर ठरे. आज ते घरबसल्या मोबाइलवर फोटो पाहून पैसे भरते. म्हणजे सौदा फोटोवरच होतो. म्हणून फोटोच्या कामात घाई करू नये.

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे दहा खोल्यांचे लॉज आहे. त्यांनी चांगली फी देऊन व्यावसायिक छायाचित्रकार बोलावला, पण नेमका सुट्टीच्या दिवशी. बहुतेक खोल्या भरलेल्या. त्याने रिकामी असलेली कोपऱ्यातील मोठी खोली टिपली आणि मालकांनी तेच फोटो सर्व खोल्यांसाठी लावले. पुढे एक कुटुंब लहान मुलांसह रात्री पोहोचले. लहान खोली पाहून ते दारातच थांबले. पैसे परत द्यावे लागले, खोली रिकामी राहिली आणि तक्रार मात्र कायमची लिहिली गेली.

दुसऱ्या वेळी आम्ही त्यांच्यासोबत बसून आराखडा केला. तो सर्वांच्या उपयोगाचा आहे.

प्रथम दिवस निवडावा. कोकणात पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवे आणि आकाश स्वच्छ असते. आठवड्याच्या मधला, कमी गर्दीचा दिवस घ्यावा. छायाचित्रकाराला आदल्या दिवशी जागा दाखवावी आणि कोणते फोटो हवेत याची यादी हाती द्यावी. पूर्वेच्या खोल्या सकाळी, समुद्राकडच्या दुपारनंतर घ्याव्यात. इमारतीचा दर्शनी भाग सूर्यास्तानंतरच्या वीसेक मिनिटांत, दिवे लावून उत्तम येतो.

चादरी पलंगावर अंथरल्यावरही इस्त्री करावी, कारण कॅमेरा प्रत्येक सुरकुती दाखवतो. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र लावू नये, रंग बिघडतात. पंखा बंद ठेवावा. कचऱ्याची बादली, वायरी, जुनी कॅलेंडरे हलवावीत. न्हाणीघर कोरडे करावे. फोटोत गिऱ्हाईक किंवा कामगार येणार असेल तर त्याची परवानगी आधी घ्यावी.

रुंद कोनाच्या भिंगाने दहा बाय बाराची खोली दिवाणखान्याएवढी भासते. हा मोह टाळावा. प्रत्येक प्रकारच्या खोलीचा स्वतंत्र फोटो घ्यावा आणि खाली लांबी-रुंदी फुटांत लिहावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची दिशाभूल करणारी जाहिरातही कारवाईस पात्र आहे.

व्यवहार कागदावर करावा. किती फोटो, कोणत्या तारखेस, मूळ फाइली मिळणार की नाही, पावसाने काम अडले तर काय, हे सारे लिहून घ्यावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाराच असतो. म्हणून छायाचित्रकाराच्या छापील करारातील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय सही करू नये.

त्या लॉजच्या नव्या फोटोंत लहान खोली लहानच दिसते. दर थोडा कमी ठेवला आहे. पण आता रात्री दारात कोणी वाद घालत नाही, आणि धंद्यात ही कमाई लहान नाही.