वस्तीवर पाहुणे येण्यापूर्वी



दिवाळी-नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी आपल्याकडे येतात ती चार दिवस विसावा घ्यायला. आपण मात्र त्यांना गावातल्या घरी पंख्याखाली बसवतो, मटणाचे जेवण घालतो आणि गाडीला बसवून देतो. त्यांना खरी ओढ असते मळ्यातल्या वस्तीची. पाटाचे पाणी, चुलीवरची भाकरी, रात्रीचा शुकशुकाट, आणि जवळपास असेल तर गुऱ्हाळ. (ऊस विकास अधिकाऱ्याने गुऱ्हाळाची शिफारस करावी हे संचालक मंडळाला रुचणार नाही, पण पोरांना कारखान्याचा बॉयलर दाखवून भागत नाही!)

तेव्हा त्यांना वस्तीवर जरूर न्यावे. फक्त नेण्याआधी एक चक्कर आपण स्वतः मारावी. रोजच्या वावरामुळे आपल्याला जे दिसेनासे झालेले असते, तेच परक्या पोराच्या हाताला आधी लागते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मामांच्या वस्तीवर मावसबहिणीची सात वर्षांची मुलगी आली होती. मोटारीच्या खोपीत फळीवर थंड पेयाची बाटली होती. पोरीने झाकण काढून ती तोंडाजवळ नेली. मामींनी हिसका मारला म्हणून निभावले. बाटलीत शेजाऱ्याकडून उसने आणलेले तणनाशक होते. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर आजही खात्रीचा उतारा नाही. घोटभर पोटात गेले तरी माणूस हाती लागणे कठीण. कधी कधी आधी तोंड पोळते, उलट्या होतात, मग जरा बरे वाटते, आणि पुढे फुप्फुसे निकामी होतात. बरे वाटतंय म्हणून घरी थांबू नये. औषध मूळ डब्यातच आणि कुलपात ठेवावे, उसने द्यायचे तरी बाटलीत ओतून देऊ नये. तसा प्रसंग आलाच तर डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट झोपण्याची. शहरातल्या माणसाला अंगणात सतरंजी टाकून चांदण्या बघत झोपायचे असते. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यालाच बहुधा चावतो, आणि दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. म्हणून पाहुण्यांना बाज द्यावी, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, हाताशी बॅटरी ठेवावी. तरी दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्यावे.

विहिरीला कठडा नसेल तर पोरांना एकटे सोडू नये, आणि स्टार्टरच्या पेटीला झाकण असावे. हे सगळ्यांना ठाऊक आहे, करत मात्र कोणी नाही.

आता गुऱ्हाळ. पाणी १०० अंशाला उकळते. काकवी १०५ च्या आसपास उतरवतात, आणि गुळाची काहील ११५ अंशांच्याही वर गेलेली असते. शिवाय हा पाक अंगावर पडला की चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. पोरांना चुलवाणापासून दहा पावले लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवावे. गुळव्या वाफ्यात गूळ ओतून तो जरा निवला की मग खुशाल जवळ बोलवावे. परतताना काकवी द्यायची तर पुरती निवल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत भरावी. ओल्या बरणीत ती आंबते.