सहा मण्यांचे शेपूट

गव्हाच्या पोत्यात सांडलेले लोखंडी खिळे लोहचुंबकाने सहज निघतील. पण त्या पोत्यातला एक ठराविक दाणाच हवा असेल तर? प्रथिनांच्या अभ्यासकांपुढे हीच अडचण असते. एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. हवे असते त्यांतले एकच.

उदाहरणार्थ, आपल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर 'एसीई-२' नावाचे प्रथिन असते. रक्तदाबाच्या नियमनात त्याचा वाटा आहे. परंतु सार्सचा विषाणू यालाच चिकटून पेशीत शिरतो, असे २००३ मध्ये आढळले आणि २०२० मध्ये कोविड-१९ च्या विषाणूचेही तेच दार ठरले. अशा प्रथिनाला 'ग्राही' म्हणतात. विषाणूला दारातच कसे अडवावे हे शोधायचे, तर ग्राही शुद्ध स्वरूपात हाती हवा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मण्यांचा क्रम जनुकात लिहिलेला असतो. एका मण्यासाठी तीन अक्षरे. शास्त्रज्ञ या ग्राहीच्या जनुकातील पेशीपटलात रुतणारा भाग गाळतात आणि शेवटी अठरा अक्षरे जोडतात. त्यामुळे माळेला हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांचे शेपूट लागते. हे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घालतात. जिवाणूंत का नाही? कारण या ग्राहीवर शर्करेच्या साखळ्या असतात आणि नेहमी वापरले जाणारे जिवाणू त्या मानवी पेशींसारख्या जोडू शकत नाहीत.

पेशी तयार झालेले प्रथिन भोवतालच्या द्रवात सोडतात. हा द्रव निकेलचे आयन धरून ठेवणाऱ्या कणांच्या नळीतून ओततात. हिस्टिडीनचे शेपूट निकेलला घट्ट धरते. बाकीची बहुतेक प्रथिने वाहून जातात. मग इमिडॅझोल ओततात. त्याचे रेणू हिस्टिडीनच्या कड्यासारखेच असल्याने ते निकेलवरील जागा बळकावतात आणि आपले प्रथिन सुटून खाली येते. ही युक्ती १९८० नंतरच्या दशकात पुढे आली.

आता जिवंत विषाणू न हाताळताही परीक्षा घेता येते. विषाणूचे काट्यासारखे प्रथिन आणि हा ग्राही एकत्र आणायचे, त्यांत एखादे प्रतिपिंड मिसळायचे आणि दोघांची जोडी तुटते का, ते पाहायचे.

मात्र एक सावधगिरी हवी. शेपूट निसर्गाने दिलेले नाही. त्यामुळे प्रथिनाचे वागणे बदलले नाही ना, हे तपासावे लागते. गरज पडल्यास विकराने ते कापूनही टाकतात.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी : शेपटात एकच मणी न ठेवता सहा का ठेवले असतील? दोरी एका बोटाने धरून पाहा, मग सगळ्या बोटांनी. उत्तर हातातच सापडेल!