मूल समितीपुढे गेलं की पालकांचा हक्क कुठे असतो?

'पालकांचे घटनात्मक हक्क' या विषयावर संशोधन आराखडा लिहायला घेतला की बरेच जण अमेरिकेपासून सुरुवात करतात. साहजिक आहे, वाचायला साहित्य तिकडचंच जास्त मिळतं. सँटोस्की विरुद्ध क्रेमर (१९८२) या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आईवडिलांचं पालकत्व कायमचं संपवायचं असेल तर राज्याने 'स्पष्ट आणि खात्रीशीर' पुरावा द्यायला हवा. मग हीच फूटपट्टी घेऊन आपण जालना जिल्ह्यात येतो आणि पहिल्याच पानावर अडकतो. कारण आपल्या राज्यघटनेत पालकांच्या हक्काचं वेगळं कलमच नाही.

मग काय आहे? अनुच्छेद २१ आहे. जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय हिरावता येत नाही, आणि ही कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असावी लागते, हे मनेका गांधी खटल्यापासून (१९७८) पक्कं झालं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या हक्कात कुटुंबजीवनाचाही समावेश केला. पण आदेश लिहिला जातो तो जिल्ह्याच्या ठिकाणी, बाल कल्याण समितीच्या टेबलावर, आणि तिथे रोज चालतो तो बाल न्याय अधिनियम, २०१५. म्हणून माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे पालकांचा हक्क शोधायचा असेल तर तो या कायद्यातल्या मुदतींमध्ये आणि कागदांमध्ये शोधावा.

आधी मुदती बघू. पोलीस, कामगार अधिकारी, १०९८ हेल्पलाइनचे कार्यकर्ते, कुणीही मूल ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत ते समितीपुढे हजर करावं लागतं (कलम ३१). समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. समिती चौकशीचा आदेश देते, सामाजिक तपास अहवाल १५ दिवसांत यायला हवा आणि अंतिम आदेश चार महिन्यांत (कलम ३६). याशिवाय कलम ३ मधली तत्त्वं आहेत: मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय. कागदावर हे सगळं चांगलं दिसतं.

आता हेच ऊसतोडीच्या हंगामात ठेवून बघा. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दिवाळीच्या आसपास कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत तिकडेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मुलं एकतर कोपीवर सोबत, नाहीतर गावात आजीकडे.

समजा, आजीकडे ठेवलेला सात वर्षांचा मुलगा जालना रेल्वे स्टेशनवर एकटा सापडला. समितीपुढे आला, बालगृहात गेला. गृहचौकशीला कार्यकर्ता गावात जातो. आजी दवाखान्यात, घराला कुलूप. शेजारी सांगतात, आईबाप तोडीला गेलेत. अहवालात काय लिहिलं जाईल? 'पालक गावी राहत नाहीत, उत्पन्न अनिश्चित, मुलाकडे लक्ष देणारं कुणी नाही.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी एवढ्या वाक्यांवर 'अयोग्य पालक' हा निष्कर्ष काढता येतो. कलम २(१४) मध्ये काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची व्याख्या आहे. तिचं पहिलंच वाक्य घर किंवा ठरावीक निवारा आणि उपजीविकेचं उघड साधन नसलेल्या मुलाबद्दल आहे. पुढे समितीला 'अयोग्य किंवा असमर्थ' वाटलेल्या पालकांची मुलंही तीत येतात, आणि पालकाच्या बाबतीत 'अयोग्य' म्हणजे काय, हे कायदा स्पष्ट करत नाही. गरिबी आणि हेळसांड यांच्यामधली रेघ कोण ओढतं? बहुतेक वेळा तो अहवाल लिहिणारा.

बरं, हा अहवाल आईबापाला वाचायला मिळतो का? इथे कलम ९९ बघा, कारण संशोधनाच्या दृष्टीने मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अहवाल गोपनीय असतो. समितीला 'योग्य वाटल्यास' ती त्याचा सारांश पालकाला सांगू शकते आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकते. म्हणजे आपल्याविरुद्ध काय लिहिलंय हे कळणं समितीच्या मर्जीवर. मनेका गांधी खटल्यातल्या 'न्याय्य आणि वाजवी' या कसोटीवर हे उतरतं का, यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो.

दुसरी अडचण कॅलेंडरची आहे. सोडून दिलेल्या मुलाच्या पालकांचा शोध लागला नाही, तर कलम ३८ खाली ते दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकतं: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिन्यांत, त्याहून मोठ्यासाठी चार महिन्यांत. तोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. शोधासाठी वर्तमानपत्रात फोटो छापला तरी तो फडावरच्या कोपीत पोचत नाही. ही मुदत ठेवण्यामागे कारण आहे, बाळं वर्षानुवर्षं संस्थेत पडून राहू नयेत. ते कारण मला पटतं. पण मुदत आखताना डोळ्यांपुढे जे कुटुंब होतं, ते वर्षभर एका पत्त्यावर राहणारं होतं.

आणि हो, फक्त पालकांची बाजू धरून बसलात तर मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत पकडतील. त्याच व्याख्येत बालविवाहाच्या तोंडावर असलेलं मूलही येतं, आणि ते लग्न लावणारे आईबापच असतात. तोडीला जायच्या आधी पोरीचं लग्न उरकणं आपल्या भागात अजून चालतं, कारण जोडपं झालं की कोयता होतो. तिथे समितीने पालकांच्या मर्जीविरुद्ध मध्ये पडावं हीच अपेक्षा आहे. म्हणून 'राज्य विरुद्ध कुटुंब' अशी सरळ मांडणी टिकत नाही, कारण मुलाचा स्वतःचाही अनुच्छेद २१ आहे.

पालकांनी दाद कुठे मागायची, तेही थोडक्यात सांगते. समितीच्या आदेशावर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं (कलम १०१), प्रतिपालन आणि प्रायोजकत्वाचे निर्णय असतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली जाता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणजे आईने अर्ज केला तर उत्पन्नाच्या दाखल्यावाचून काम होतं. पण अपिलाचे ३० दिवस फडावर असतानाच निघून जातात, ही गोष्ट कुठल्याच कलमात दिसत नाही.

यातून प्रश्न काढायचा तर 'पालकांना हक्क आहेत का' असा काढू नका. त्याचं उत्तर 'हो' येतं आणि तुमचं प्रकरण तिथेच संपतं. त्यापेक्षा विचारा: आदेशाची प्रत पालकाच्या हातात कोणत्या तारखेला पडली? अहवालाचा सारांश सांगितला अशी नोंद आहे का? गृहचौकशी कोणत्या महिन्यात झाली? नोव्हेंबर ते मार्चमधले अहवाल आणि मे-जूनमधले अहवाल शेजारी ठेवले तर भाषा बदलते का? एवढ्यावर छोटा पण भक्कम अभ्यास उभा राहील.

फक्त परवानगीचं आधी बघा. हे कागद गोपनीय आहेत, त्यामुळे समिती आणि महिला व बाल विकास विभागाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. मुलाची ओळख पटेल असं काही छापलं तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि नाव बदलून भागत नाही. छोट्या गावात 'सात वर्षांचा, आजीकडे राहणारा, स्टेशनवर सापडलेला' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. गावाचं नाव काढा, वय गटात द्या, तालुकासुद्धा गरज असेल तरच ठेवा.