दुचाकीस्वारांचे तोंडी शास्त्र

मोटारसायकलीविषयी एकमेकांना दिले जाणारे सल्ले साधारणपणे दोन जातींचे असतात. पहिली जात इंजिनाविषयीची असून तिच्यात कोणते ऑइल घालावे, सकाळी गाडी किती वेळ तापवावी, कोणत्या गिअरमध्ये किती वेग ठेवावा आणि अ‍ॅव्हरेज कसे वाढवावे, अशा प्रश्नांची उत्तरे येतात. दुसरी जात रस्त्याविषयीची, म्हणजे कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेवर काय आडवे येईल हे सांगणारी. गॅरेजच्या दारात, पेट्रोलपंपावरील हवेच्या नळीपाशी आणि चहाच्या टपरीवर हे दोन्ही प्रकारचे ज्ञान तोंडोतोंडी फिरत असते आणि सांगणारा ते सारख्याच ठामपणे सांगत असतो. त्यांचे आयुष्य मात्र सारखे नसते. इंजिनाची रचना एका पिढीच्या आत बदलून जाते, पण तिच्यासाठी तयार झालेला सल्ला पुढच्या गाडीलाही चिकटून राहतो. रस्त्याविषयीचा सल्ला माती, पाऊस आणि पिके यांच्याशी बांधलेला असल्यामुळे सहसा जुना होत नाही. दुचाकी तयार करणारा कारखाना, वाहनांची चाचणी घेणारी सरकारी संस्था आणि आता पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा उसाचा मद्यार्क या तिन्ही गोष्टी ज्याच्या हद्दीत एकत्र आल्या, त्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा फरक विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

नगर शहराचे नाव देशभरच्या दुचाकीस्वारांपर्यंत पोहोचवले ते लूनाने. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ही मोपेड इटलीतील पियाजिओ कंपनीच्या चाओ या गाडीवर आधारलेली होती. पन्नास सीसीचे इंजिन, पायडल मारून चालू करण्याची सोय आणि प्रसंगी सायकलीसारखी दामटत घरी नेण्याइतके हलके वजन, यांमुळे जो वर्ग स्कूटरची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत असे, त्या शिक्षक, कारकून आणि किरकोळ विक्रेत्यांच्या वर्गाला ती परवडली. त्या काळच्या राजदूत आणि येझदी या मोटारसायकलींप्रमाणेच लूनाचे इंजिनही टू-स्ट्रोक होते. अशा इंजिनात पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच ज्वलनाचे पूर्ण चक्र होते आणि त्याच्या वंगणासाठी तळाशी ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलबरोबर आत जाणारे ऑइलच पिस्टन व बेअरिंग यांना वंगण पुरवते आणि जळून जाते. ऑइल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून गाडी सीझ होणार आणि जास्त झाले तर प्लगवर काजळी धरून ती बंद पडणार, अशी दुहेरी अडचण असल्यामुळे मिश्रणाचे माप, खिशातला जादा प्लग आणि प्लग घासायचा पॉलिश पेपर यांभोवती त्या पिढीचे सारे शहाणपण फिरत असे.

घाट उतरताना क्लच दाबून धरावा किंवा गाडी न्यूट्रल करावी, हा सल्ला बहुधा याच काळातला. लांब उतारावर चालक अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून देतो तेव्हा चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पण आत पेट्रोल जवळजवळ जात नाही, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. क्लच दाबणे किंवा मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर पिळणे ही तेथे खरीच काळजी होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि तिच्यामागून फोर-स्ट्रोक गाड्यांनी बाजार व्यापला. या गाड्यांच्या तळाशी ऑइलचा स्वतंत्र साठा असतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी वंगण थांबत नाही, त्यामुळे सल्ल्याचे कारण संपले. सल्ला मात्र पेट्रोल वाचवण्याच्या नव्या सबबीखाली टिकून राहिला. वस्तुतः माळशेज किंवा चंदनापुरीच्या उतारावर फोर-स्ट्रोक गाडी न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा फुकट मिळणारा रोध सोडून देऊन सगळा भार ब्रेकवर टाकणे होय. ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तापतो आणि त्याची पकड कमी होत जाते. शिवाय आजच्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या, म्हणजे ज्यांत कार्ब्युरेटरऐवजी संगणकीय नियंत्रणाखाली पेट्रोल फवारले जाते त्या, गिअरमध्ये उतरताना पेट्रोल तात्पुरते तोडतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी त्यांना ते जाळावेच लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा ट्रकचालकांकडून आलेला दुसरा जुना सल्ला अधिक भरवशाचा ठरतो.

सकाळी गाडी पाच मिनिटे उभ्यानेच तापवण्याच्या सवयीचेही असेच झाले आहे. कार्ब्युरेटर थंड असताना पेट्रोलची वाफ नीट होत नसे, म्हणून चोक ओढून वाट पाहणे भाग होते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणमान लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता अर्धा-एक मिनिट थांबून पहिले एक-दोन किलोमीटर हळू चालवणे पुरेसे असते. ऑइलच्या बाबतीत मात्र गॅरेजमधील जुना मिस्त्री आणि हौशी तरुण यांचा वाद अजून मिटलेला नाही. नगरच्या उन्हाळ्यात जाड ऑइल बरे, असे पुष्कळांचे मत असते. डब्यावरील ‘१० डब्ल्यू ३०’ यासारख्या अंकांपैकी पहिला ऑइल थंडीत किती सहज वाहते हे दाखवतो आणि दुसरा तापलेल्या इंजिनात त्याचा दाटपणा किती उरतो हे सांगतो. कंपनीने सुचवलेला अंक ठरवताना हवेतील उष्णता आणि इंजिनातील फटी या दोन्हींचा विचार झालेला असतो, त्यामुळे स्वतःच्या मनाने जाड ऑइल घातल्यास सकाळी वंगण पोहोचायला वेळ लागतो आणि अ‍ॅव्हरेजही थोडे घटते. याहून गंभीर चूक म्हणजे घरच्या मोटारीचे उरलेले ऑइल मोटारसायकलीत ओतणे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधील घर्षण घटवणारी द्रव्ये क्लच प्लेटा घसरवतात, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ हे जपानी मानक लिहिलेले आहे की नाही ते पाहणे किमतीपेक्षा महत्त्वाचे असते.

गप्पांमध्ये सर्वाधिक वेळ खाणारा विषय अ‍ॅव्हरेजचा, आणि कंपनी सांगते तेवढे कधीच मिळत नाही ही त्यातील कायमची तक्रार. नगरच्या वाहननगर भागात संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना, म्हणजे लोकांच्या तोंडची व्हीआरडीई, आहे. लष्करी वाहनांबरोबरच नागरी वाहनांच्या चाचण्या घेऊन केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या देशातील मोजक्या संस्थांत तिचा समावेश होतो. अशा प्रमाणित चाचणीत गाडी रोलरवर ठेवून ठरवून दिलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार चालवली जाते आणि बाहेर पडणाऱ्या वायूंवरून इंधनाचा खप काढला जातो. तेथे समोरून वारा नसतो, खड्डे नसतात आणि मागे पन्नास किलोचे पोतेही नसते. ही चाचणी दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. नगर-मनमाड रस्त्यावर काय मिळेल याचा अंदाज तिच्यावरून बांधू नये. स्वतःच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज काढायचे तर टाकी काठोकाठ भरावी, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवून पुन्हा तितकीच भरावी आणि झालेल्या अंतराला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरांनी भागावे. रिझर्व्हला आल्यावर शंभरचे पेट्रोल टाकून केलेल्या हिशेबावर भांडणे व्यर्थ आहे.

या तक्रारीला अलीकडे नवे कारण मिळाले आहे आणि ते थेट या जिल्ह्याच्या शेतातून आलेले आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण अमलात आले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५०च्या सुमारास प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या कारखान्यापासून येथे सहकारी साखर कारखानदारी विस्तारली. साखर काढून उरलेल्या मळीपासून, तसेच थेट उसाच्या रसापासूनही, आसवनीत हे इथेनॉल तयार होते. त्यामुळे येथील चर्चेला गमतीदार वळण लागते, कारण उसाला भाव मिळावा म्हणून इथेनॉलचे समर्थन करणारा शेतकरीच गाडीवर बसल्यावर अ‍ॅव्हरेज कमी झाल्याची कुरकुर करतो, आणि त्याच्या दोन्ही म्हणण्यांत तथ्य असते. एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. मात्र इथेनॉलचा ऑक्टेन अंक, म्हणजे अवेळी पेट न घेण्याची क्षमता, जास्त असल्यामुळे प्रत्यक्ष घट सहसा तेवढी होत नाही. २०२१ मध्ये नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी ती तीन ते चार टक्के धरली होती. साठ किलोमीटर देणारी गाडी अचानक पंचेचाळीसवर आली असेल तर दोष इथेनॉलवर ढकलण्याआधी चाकांतील हवा, आवळलेला ब्रेक आणि तुंबलेला एअर फिल्टर तपासलेला बरा.

इथेनॉलचा दुसरा गुण अधिक काळजी करण्याजोगा आहे. ते पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या व वॉशर यांनाही ते मानवत नाही. म्हणून महिनोन्महिने उभी राहणारी जुनी बुलेट किंवा आरएक्स १०० ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवावे, पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर पाहावे आणि तडे गेलेली नळी वेळीच बदलावी, हा जाणकारांचा सल्ला योग्यच आहे.

रस्त्याविषयीच्या सल्ल्यांत एक सोडून दिला पाहिजे, आणि तो म्हणजे पुढचा ब्रेक मारू नये हा. वेगात ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते, त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. मुरमावर किंवा वळणात तो एकदम आवळला तर गाडी पडते, एवढाच त्या भीतीचा आधार. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालील गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाल्याने ती भीती आणखी कमी व्हायला हवी होती, पण सवय कायद्याहून सावकाश बदलते.

बाकीचे रस्त्याचे शहाणपण बावनकशी आहे. ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत, श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, संगमनेर आणि नेवासा या पट्ट्यांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर चालतात; त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही, आणि उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या चौकटीबाहेर आलेल्या असतात. समोरच्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपलेले असताना पुढे काळोख दिसला तर तेथे ट्रॉली आहे असेच समजून वेग कमी करावा, असे या भागातील स्वार सांगतात. पाऊस सुरू झाल्यावर याच पट्ट्यातील काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते आणि पहिल्या सरीत साबणासारखी होते; शेतरस्त्यावर तर ती पुढच्या मडगार्डमध्ये इतकी बसते की चाक फिरेनासे होते. दक्षिणेकडे श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या कोरड्या तालुक्यांत त्रास चिखलाचा नसून वेड्या बाभळीच्या काट्यांचा आणि धुळीचा आहे. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतला तर तो जागच्या जागी उपटू नये, कारण काटाच बराच वेळ भोक बुजवून धरतो. पंक्चरच्या दुकानापर्यंत गाडी तशीच नेता येते. धुळीमुळे एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच तपासावा लागतो.

पश्चिमेला अकोले तालुक्यात सगळेच वेगळे. कळसूबाई, भंडारदरा, रतनवाडी आणि घाटघर या परिसरात जिल्ह्याच्या पूर्व भागाच्या कित्येक पट पाऊस पडतो, आणि मे-जूनमध्ये काजवे व पुढे धबधबे पाहण्यासाठी मुंबई-पुणे-नाशिकहून गाड्यांचे तांडे येतात. धुक्यात वरचा दिवा लावल्यास प्रकाश परतून डोळ्यांवर येतो, म्हणून दिवा खालीच ठेवावा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक हलका दाबून वाळवून घ्यावा. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे याचा विचारच करू नये, थांबावे.

जिल्ह्यातील मोटारसायकल हौसेपेक्षा कामासाठीच अधिक चालते. पहाटे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून संकलन केंद्राकडे निघालेला गवळी नगरी रस्त्यांवर सर्वत्र दिसतो. त्याच्या अनुभवानुसार दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे, अर्धवट भरलेला कॅन पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आतले दूध वळणावर डचमळते, आणि मागच्या चाकात डबल सीटसाठी चेनकव्हरजवळ लिहिलेली हवा असावी. एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या स्त्रीसाठी साडी गार्ड, पायटा आणि धरायची मूठ मोटार वाहन नियमांनीच आवश्यक ठरवली आहे. तरीही नव्या गाडीचे गार्ड शोभेला बाधा येते म्हणून काढून टाकणारे हौशी तरुण भेटतात, आणि ओढणी चाकात जाऊन होणारे अपघात त्यामुळेच थांबत नाहीत. हेल्मेटने मान दुखते किंवा हॉर्न ऐकू येत नाही या तक्रारींचे मूळ बहुतेकदा रस्त्याकडेला मिळणाऱ्या सैल, हलक्या टोपीत असते. जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी भारतीय मानक चिन्हाखेरीज हेल्मेट विकण्यास बंदी आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम ते चालकाइतकेच मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक करते. योग्य मापाचे हेल्मेट हनुवटीचा पट्टा लावून हलवले तर गालाची कातडी त्याच्याबरोबर हलते. तशी हलत नसेल तर एक माप लहान घ्यावे.